जपानची वाट चोरखमाऱ्यावरून

चोरखमारा हे आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचे एक फाटक येथे आहे, एवढीच काय ती त्याची बाहेरच्या जगात ख्याती. पहाटे लांबलांबच्या मोटारी येतात, मंडळी जिप्सीत चढतात, वाघ दिसला तर हसत आणि न दिसला तर रुसून परत जातात. गावचे तळे, धानाच्या बांध्या, रोवणीला वाकलेल्या बाया यांच्याकडे मान वळवून पाहणारा विरळाच. त्यांना दोष कशाला द्यावा? पैसे वाघाचे मोजलेले असतात, बांधीचे नव्हेत!

हे आठवायचे कारण असे की, येत्या मे महिन्यात आम्ही चौघे जपानला जायचे म्हणतो आहोत. कन्या अकरावीत आहे, चिरंजीव आठवीत. पुढच्या वर्षी बारावी आटोपली की कन्या बाहेरगावी शिकायला जाईल, आणि मग सुट्टीत ती घरी येईल ती पाहुणी म्हणून. चौघांनी मिळून करायचा लांबचा प्रवास बहुधा हाच. त्यासाठी साठवलेले पैसेही पुन्हा साठतील असे नाही.

एका प्रवासी कंपनीचे पत्रक आले. आठ दिवसांत सहा शहरे, रोज पहाटे सामान बांधून बसपाशी हजर! मी ते वाचले आणि मला आमचे फाटक दिसू लागले. पत्रक मी बाजूला ठेवले. गावे दोनच धरायची, टोकियो आणि क्योटो, आणि मध्ये एक रात्र डोंगरावर. ह्यांना वाटले, एवढ्या लांब जाऊन एवढेच? पण ज्याच्या गावाला पाहुणे येतात, त्याने तरी पाहुणा कसा असावा हे जाणावे.

कमी हिंडण्यात पैसाही वाचतो. परदेशी प्रवाशांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे-पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन बुलेट ट्रेनला तीस हजारांच्या आत लागतात, मग पास हवा कशाला? अर्धे तिकीट मात्र विसरावे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तिकडच्या रेल्वेला पुरता प्रौढ वाटतो. (आमच्या घरी तसे मत नाही.) एप्रिलच्या अखेरीपासून पाच मेपर्यंत जपानी लोकांच्याच सलग सुट्ट्या असतात. त्या दिवसांत गाड्या आणि खोल्या मिळणे मुश्कील, म्हणून आम्ही त्यानंतर निघणार. जूनमध्ये तिकडे पावसाळा लागतो, त्याआधी परत.

आता खरा प्रश्न मुलांचा. या वयाची मुले आईबापांच्या मागून सामानासारखी चालतात, तोंड फुगवून. म्हणून ठरवले की प्रत्येकाचा एक दिवस, आणि त्या दिवशी उरलेल्या तिघांनी कुरकुर न करता मागे जायचे. चिरंजीवांना मिताका येथील घिब्ली चित्रपटांचे संग्रहालय पाहायचे आहे. तेथे दारात तिकीट मिळत नाही, पुढच्या महिन्याची तिकिटे आदल्या महिन्याच्या दहा तारखेला विकायला निघतात. ती तारीख त्यानेच सांभाळायची. कन्येने लहानपणी ‘तोत्तोचान’ची पारायणे केलेली. ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पाहायला काही उरले नाही, असे मी म्हणाले. “नसू दे, आई, ते जियुगाओका तरी बघू,” ती म्हणाली. मला हे फार आवडले, पण चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

माझा दिवस कोयासानचा. कुकाई नावाच्या आचार्यांनी ८१६ साली या डोंगरावर मठ उभारायला आरंभ केला. तेथील मंदिरांत प्रवाशांना उतरता येते, आणि जेवण शुद्ध शाकाहारी मिळते. ही बातमी ह्यांच्यासाठी, कारण एरवी जपानात भाजीच्या रश्शातही माशाचे पाणी असते. तेथील विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. पण मला ओढ आहे ती एका अक्षराची. तेथे ‘अ’ हे अक्षर समोर ठेवून ध्यान करतात, आपला संस्कृताचा ‘अ’, सिद्धम् लिपीतला! जपानी वर्णमालाही अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते. भिक्षूंनी संस्कृत वर्णांचा जो अभ्यास केला, त्यातून तो क्रम आला. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून अधिक काय हवे? मंदिरातले स्नानगृह मात्र सामायिक, पुरुषांचे निराळे, बायकांचे निराळे, आणि आत अंगावर कपडा चालत नाही. हे मुलांना आधीच सांगून टाकले. दोघेही दोन दिवस बोलली नाहीत.

त्याआधी एका रविवारी कामठीला जायचे आहे. १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस विहार नागपूरजवळ असून मुलांनी पाहिलेले नाही. पादत्राणे काढून, फोन खिशात ठेवून अर्धा तास गप्प बसायची सवय तेथेच होईल.

सासूबाई येणार नाहीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि नातवाला विचारले, “बापू, तिकडं धान कोणता लावतात?” त्याला सांगता येईना. त्याने शोधून काढले की कोशिहिकारी नावाचा, आखूड दाण्याचा, चिकट भाताचा, आणि आपण जाऊ तेव्हा मे महिन्यात तिकडे पुष्कळ ठिकाणी रोवणी चालू असेल. “आणि बांधीत पाणी किती ठेवतात?” त्यांनी पुढे विचारले. हा प्रश्न त्याने वहीत लिहून घेतला आहे.