दुर्मिळ कोण, घड्याळ की घड्याळजी?

परवा कॉलेज रोडवर एका घरगुती समारंभात एका परिचितांनी बाही मागे सारून मनगट पुढे केलं. स्विस घड्याळ, चावीचं. किंमत सांगितली नाही, पण कळेल अशी व्यवस्था केली. मग म्हणाले, "याला म्हणतात कारागिरी. आपल्याकडे ती नजरच नाही." यजमानांच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. आता बोलतो.

स्विस कारागिरी खोटी आहे, असं माझं म्हणणं नाही. फिलिप द्युफूर या कारागिराचं 'सिंप्लिसिटी' हे घड्याळ २००० साली आलं आणि जेमतेम दोनशेच्या आसपास बनलं. आतल्या पट्ट्यांच्या कडा तो जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाच्या काडीनं घासून चमकवतो. झाकण उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या जागाही त्यानं सोडलेल्या नाहीत. २०२०मध्ये जिनिव्हाच्या लिलावात अशा एका घड्याळाला दहा लाख स्विस फ्रँकहून जास्त किंमत आली. आणि हे घड्याळ दाखवतं काय? तास, मिनिट, सेकंद. तारीखसुद्धा नाही.

तेवढंच काम माझ्या वडिलांची एचएमटी जनता करायची. रोज सकाळी चावी द्यायची, की दिवसाची सोय झाली. दोन्ही घड्याळांचं चक्र तासाला १८,००० झोके घेतं, म्हणजे सेकंदाला पाच. दोघांना मी एका पंगतीत बसवत नाही. जनता कारखान्यातून निघालेलं, सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं घड्याळ. तिच्या कडा कुणी काडीनं घासल्या नाहीत. पण द्युफूरचा चाहता एक गोष्ट सोयीनं विसरतो. स्वतःची घड्याळं करण्याआधी हा माणूस जुनी, बिघडलेली घड्याळं उघडून पूर्ववत करत होता. त्याचा हात दुरुस्तीच्या टेबलावर तयार झाला. २०२०मध्येच युनेस्कोनं स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधली यांत्रिक घड्याळकला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अमूर्त, म्हणजे वस्तू नव्हे, हातातली विद्या.

आपण त्या विद्येचं काय केलं? स्वतःपासून सुरुवात करतो. वडिलांच्या जनतेवर देवनागरी आकडे होते. प्रेसमधल्या पाळीला निघताना ते उंबऱ्यात थांबून चावी द्यायचे. डायल पिवळसर पडली होती, सहाच्या आकड्याजवळ डाग होता. काचेच्या दारांचं दुकान बघून मी ते 'सर्व्हिसिंग'ला दिलं. परत आलं ते पोपटी रंग लावून. आकडे जाड झालेले, आठाची शेपटी गायब. वर दुकानदाराला कौतुकाची अपेक्षा! अशा रंगवलेल्या डायलची एचएमटी आणि फेवर लुबा 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाइन विकली जातात. जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं नव्हे.

मग मेनरोडला आतल्या गल्लीत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. टेबल शाळेच्या बाकाएवढं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी यंत्र उघडलं, सुटं केलं, धुतलं, सुईच्या टोकानं तेल दिलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं सरळ केली. म्हणाले, "मशीन चांगलंय. डायल मात्र गेली ती गेली." तीनशे रुपये झाले. शेजारचा गिऱ्हाईक पन्नास कमी करा म्हणून अडून बसला होता. मी मान खाली घातली, कारण इतकी वर्षं मीही तेच केलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही. मुलगा मोबाइलच्या दुकानात लागलाय. त्यानं तरी या बाकावर का बसावं?

जानेवारी २०१६मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं. कारखाना सरकारनं बंद केला, मान्य. पण गल्लीतला घड्याळजी आपण बंद करतोय, पन्नास-पन्नास रुपयांनी.

तेव्हा साहेब, नजर नाही ती कुणाला? तुमचं स्विस घड्याळ काही वर्षांनी सर्व्हिसिंगला जाईल आणि जे बिल येईल ते तुम्ही मुकाट भराल. ती कारागिरीची किंमत असेल, तर गल्लीतल्या तीनशे रुपयांवर घासाघीस का? घरातलं जुनं घड्याळ कपाटातून काढा. रंगवू नका, डाग राहू द्या. जाणत्या हाताकडे न्या आणि तो मागेल त्याहून थोडे जास्तच द्या. आणि पुढच्या समारंभात मनगट पुढे कराल, तेव्हा किंमत राहू द्या, तुमच्या घड्याळजीचं नाव सांगा. सांगता येतं का, बघू.