आधी मोजा, मग फेका

जुन्या गाडीचं इंजिन खोललं की गॅरेजात एकच मंत्र ऐकू येतो. "काका, पिस्टन गेले, बोर गेला. सगळा सेटच बदलून टाकू." पिस्टनवरची काजळीसुद्धा अजून पुसलेली नसते आणि निकाल लागलेला असतो. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच दाव्याला हात घालतो. इथं मात्र हजारो रुपयांचा माल मिस्त्रीच्या नुसत्या नजरेवर भंगारात जातो. माझं भांडण त्या नजरेशी आहे.

माझ्याकडं जुनी मॅटाडोर आहे, बजाज टेम्पोची. २००५ साली कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, पण आमच्या गावाच्या तोंडी 'टेम्पो' असा बसलाय की कुठल्याही कंपनीची मालगाडी आली तरी माणसं तिला टेम्पोच म्हणतात. या गाडीनं कांदा-टोमॅटो मार्केटला नेला, लग्नाची वऱ्हाडं नेली, अडल्या बाळंतिणी नेल्या. पुढं ती निळा धूर सोडायला आणि ऑईल प्यायला लागली. इंजिन उतरवलं, तेव्हा तालुक्याच्या गॅरेजात हाच मंत्र माझ्या कानावर पडला.

मी विचारलं, "मिस्त्री, बोर किती झिजलाय?"

"बोट फिरवलं की कळतंय, काका."

"बोटाला आकडा कळत नाही बाबा. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर."

गेज त्याच्याकडं नव्हतंच. मी ब्लॉक आणि पिस्टन पोत्यात बांधून बोरिंगच्या वर्कशॉपात नेले. मोजल्यावर कळलं, चारही सिलिंडर मापात होते, पिस्टनही मापात. ऑईलची रिंग काजळीनं खाचेत चिकटून बसली होती आणि व्हॉल्व्हचे गाईड ढिले झाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. पिस्टन साफ केले, नवीन रिंगा टाकल्या, बोरला होनिंग मारलं, गाईड बदलले. गाडी अजून चालतेय.

आता कुणी म्हणेल, मोजायचं म्हणजे नेमकं काय? ते काही गुपित नाही. इंजिन थंड असताना सिलिंडर वर, मधे आणि खाली असा तीन ठिकाणी मोजायचा, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा. एका सिलिंडरचे सहा आकडे, चारांचे २४. सिलिंडर सगळीकडं सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला जळणाचा दाब रिंगेला भिंतीवर रेटतो आणि तिथं ऑईलही कमी पोचतं, म्हणून झीज तिथंच जास्त. त्याच्या वर, जिथं रिंग पोचतच नाही, तिथं एक कडा शिल्लक राहते. पिस्टन मोजायचा तो खालच्या घेराला, पिनीच्या काटकोनात. मग रिंग बोरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजनं बघायची. बोर ०.१० मिलिमीटरनं वाढला तर तीच रिंग ०.३१ मिलिमीटर जास्त उघडते. शेवटी पिस्टनच्या खाचेत नवी रिंग किती हलते ते बघायचं. हे सगळे आकडे कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेशेजारी मांडायचे. झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

आकडे मर्यादेबाहेर गेले तर मात्र कवटाळून बसू नका. आमच्याकडं दुसरीही जात आहे, झिजलेल्या बोरात नुसत्या नव्या रिंगा कोंबून 'भागलं' म्हणणारी. वरची कडा तशीच राहिली तर नवी रिंग तिच्यावर आपटते आणि तुटते. लांबट झालेल्या बोरात गोल रिंग नीट टेकत नाही. तिथं चारही सिलिंडर बोरिंग करून ओव्हरसाईझ पिस्टनच टाकायला हवेत, आणि चौघांचं वजनही सारखं हवं. ही काटकसर नव्हे, पुढच्या खर्चाचा इसार आहे.

मिस्त्री म्हणतात, "खोललंच आहे तर नवं टाका, पुन्हा मजुरी कशाला?" वरवर पटतं. पण बोरिंग म्हणजे ब्लॉकच्या अंगाचा एक थर तासणं. शेताची वरची माती एकदा वाहून गेली की जशी परत येत नाही, तसा तो थरही परत येत नाही. ठरावीक मापापर्यंतच बोर वाढवता येतो, पुढं स्लीव्ह ठोकावी लागते. गरज नसताना तो थर तासला तर गाडीचं म्हातारपण आपणच अलीकडं आणलं. शिवाय बंद झालेल्या मॉडेलचा आज मिळणारा सगळाच माल अस्सल असतो असं नाही. खोक्यातला नवा पिस्टनही मोजूनच घ्यावा लागतो. मग अंगचा, मापातला पिस्टन कशासाठी फेकायचा?

सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणंही बरोबर नाही. आपण पार्टचे पैसे निमूट देतो, पण मोजायची मजुरी सांगितली की घासाघीस करतो. "नुसतं मोजायचे कसले पैसे?" हे वाक्य आपल्याच तोंडचं. मग तो बिचारा गेज कशाला विकत घेईल? तो पार्टमागच्या कमिशनवर जगतो, आणि ते कमिशन आपल्याच खिशातून जातं.

तेव्हा पुढच्या वेळी इंजिन उतरलं की मिस्त्रीला मोजायची मजुरी आधी द्या. २४ आकडे कागदावर लिहून मागा. पिस्टनवर एक, दोन, तीन, चार असे नंबर टाकून ठेवा, म्हणजे ज्याचा त्याचा घरात जाईल. कागद म्हणेल बदला, तर त्याच दिवशी बदला. कागद म्हणेल राहू द्या, तर भंगारवाल्याला दारात उभं करू नका.