कल कोणाचा, निर्णय कोणाचा?



दहावीचा निकाल लागला की आपल्या सातारा-सांगलीकडच्या शाळांत दोन रांगा लागतात. एक गुणपत्रिकेची, दुसरी शाळा सोडल्याच्या दाखल्याची. पहिल्या रांगेत मुली स्वतः उभ्या असतात. दुसऱ्या रांगेत बरेचदा त्यांचे वडील, नाहीतर चुलते. शालेय समुपदेशक म्हणून काम करताना मी हळूहळू दुसऱ्या रांगेकडे लक्ष द्यायला शिकले. कोणती मुलगी पुढे शिकणार आणि कोणती घरी बसणार, हे तिथे कळते.

त्या रांगेत एका वडिलांना मी थांबवले होते. मुलीला तांत्रिक विषयांत चांगली गती होती, गणितात उत्तम गुण होते. मी कागद पुढे केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, कल-बिल ऱ्हाऊ द्या. पोरगी शानी हाय, म्हाईत हाय आमाला. पन औंदा बार उडवायचा ठरलाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती. निर्णय कधीच झालेला होता आणि त्या निर्णयात मुलगी नव्हती.

करिअर मार्गदर्शन या शब्दाकडे म्हणूनच आपण जरा नीट पाहायला हवे. राज्य शासनाची व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था मुंबईत अनेक वर्षे काम करत होती. २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यभर कल चाचणी सुरू झाली. २०२० साली महाकरिअर पोर्टल आले. या प्रयत्नांना नावे ठेवण्याचे कारण नाही. खेड्यातल्या मुलीला निरनिराळ्या अभ्यासक्रमांची नावे कळली, हेही थोडे नाही. पण चाचणी तिला विचारते, "तुला काय आवडते?" "तुला कोण करू देईल?" हे ती विचारत नाही. शिवाय आवड तरी आकाशातून पडते का? जिच्या हातात लहानपणापासून लाटणे दिले आणि पाना कधी दिला नाही, ती यंत्रदुरुस्तीपुढे बरोबरची खूण कशी करणार? भावाने मोटारसायकल खोलली तर त्याचे कौतुक होते. बहिणीने मिक्सर उघडला तर तिला ओरडा बसतो. मग आपण म्हणतो, मुलींचा कलच तसा!

यात आम्ही समुपदेशकही निर्दोष नाही. "मुलीला बरे" अशी एक यादी आमच्याही डोक्यात पक्की बसलेली असते. डी.एड., नर्सिंग, शिवणकाम, ब्यूटी पार्लर. एके काळी गावोगावच्या हुशार मुली डी.एड.ला पाठवल्या गेल्या, कारण सुट्ट्या मिळतात आणि स्थळही चांगले येते. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली आणि पदविका घेतलेल्या कितीतरी जणी घरी बसल्या. नर्सिंग हलके काम आहे असे मी म्हणत नाही. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलपासून मिरजेची ओळखच दवाखान्यांचे गाव अशी आहे, आणि त्या नावलौकिकात परिचारिकांचा मोठा वाटा आहे. प्रश्न एवढाच की ही वाट तिने निवडली, की बाकीच्या वाटा तिला दाखवल्याच गेल्या नाहीत? आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर या शाखांचा अर्ज भरताना आपल्यापैकी किती जणी मुलीच्या शेजारी बसल्या आहेत?

वाटा बदलतात, हे आपण याच मातीत पाहिले आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ सालची. तिथे मुलींना प्रवेश मिळायला २०२१ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावली. पोलीस भरतीच्या सरावाला मुली पहाटे मैदानावर धावतात. त्यांना कोणत्या चाचणीने कल सांगितला होता? संधी दिसली, कोणीतरी सोबत आले, घरच्यांनी दार उघडले, आणि मग कल दिसू लागला.

सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले. त्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. त्या काळी मार्गदर्शन म्हणजे राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि पाठीवर हात असे. नुसता सल्ला कोणी दिला नाही. आज आपल्या घरांत मुलीच्या नावाने सोने साठवले जाते ते तिच्या लग्नासाठी. त्यातले तोळाभर तिच्या वसतिगृहाच्या खर्चाला मोडा, असे सांगायला आपण का कचरतो?

आता एक अपयशाची गोष्ट. एका शाळेत पंधरा वर्षांच्या मुलीने मला विश्वासाने सांगितले, "ताई, माझी सुपारी फुटलीय." मी वरिष्ठांकडे गेले. उत्तर मिळाले, "तुमचं काम करिअरचं. लोकांच्या घरात डोकावू नका." तरीही आम्ही पाठपुरावा केला. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आपल्या बाजूला होता. गावात त्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), शिवाय १०९८ हा क्रमांक आहे. लग्न थांबले. आम्ही समाधानाने परतलो. पंधरा दिवसांनी कळले की तिची शाळा बंद करून तिला मामाकडे पाठवले आहे. तिने माझ्यावर टाकलेल्या विश्वासाची किंमत तिलाच मोजावी लागली.

लग्न थांबवणे हे निम्मेच काम असते, हे मी त्यातून शिकले. तिची पुढची शाळा, राहण्याची जागा आणि तिच्याशी बोलत राहणारे घरातले एक माणूस, एवढे हाताशी नसेल तर आपण तिला एका कोंडीतून काढून दुसऱ्या कोंडीत ढकलतो.

पैशाची अडचण खरी आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात ती अधिकच. पण सवलती काय आहेत, हेही घरोघरी पोचलेले नाही. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. अभिमत व खाजगी विद्यापीठांना ही सवलत नाही. हा बारकावा न कळल्याने घरे फसतात.

आणि दाखले? उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा. प्रत्येक ठिकाणी बापाचे कागद मागतात. ज्या आईला नवऱ्याने टाकले, तिच्या लेकीने ते कुठून आणायचे? ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला, त्यांच्या नावाचे रेशनकार्ड मागितले. त्याच लढ्याचे पुढचे पान आज त्यांच्या मुलींच्या प्रवेशअर्जावर अडले आहे. हा प्रश्न एकट्या समुपदेशकाचा नाही, चळवळीचा आहे.

म्हणून आपल्या गटांपुढे काही कामे ठेवत आहे. फेब्रुवारीपासूनच दहावीच्या मुलींच्या आयांना भेटा. भेट संध्याकाळी ठेवा, त्यांची मजुरी बुडवून नको. दाखले निकालाआधीच काढून घ्या. मुलांशीही बोला. बहिणीच्या शिक्षणाचा पैसा आपल्याकडे वळतो, हे भावाला कळू द्या. शाळेला निकालाच्या टक्केवारीबरोबर आणखी एक आकडा मागा: दहावी झालेल्या मुलींपैकी किती जणी आज कुठे आहेत? आणि शासनाकडे मागणी करा की दर काही शाळांमागे एक प्रशिक्षित, कायम समुपदेशक हवी, जिला खेळाच्या सामानाच्या खोलीत नव्हे, दार बंद करून बोलता येईल अशा खोलीत बसता येईल. अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेली बाई मुलींच्या बाजूने किती काळ ठाम उभी राहणार?

समुपदेशक कोणाची? शाळेची, पालकांची की मुलीची? माझ्यापुरते उत्तर ठरले आहे. पण ते उत्तर निभावायला माझ्यामागे गावातल्या बायका उभ्या असाव्या लागतात.

तुमच्या गावात या वर्षी काय घडले, कोणती मुलगी कशी पुढे गेली, कोणती अडली, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. मुलींची नावे लिहू नका. त्या कशा अडल्या आणि वाट कशी निघाली, तेवढे मात्र सविस्तर लिहा. पुढच्या अंकात त्यावर मिळून बोलू.