जलमार्ग कोणाचा, कालवा कोणाचा?

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने रायगड जिल्ह्यातील दोन नद्यांना आपल्या यादीत स्थान दिले: धरमतरच्या खाडीपासून नागोठण्यापर्यंतची अंबा आणि रेवदंड्याच्या खाडीपासून रोह्यापर्यंतची कुंडलिका. या नद्यांतून नावा चालू शकतात, हा जणू दिल्लीला नव्यानेच लागलेला शोध! वस्तुतः आगगाडी आणि पक्की सडक येण्यापूर्वी जुन्या कुलाबा जिल्ह्याचा बहुतेक व्यवहार या पाण्यावरूनच चाले. भरतीबरोबर पडाव व मचवे रोहे-अष्टमीपर्यंत चढत. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरात चढे-उतरे. नागोठण्यास मुंबईहून आगबोटी येत. येथले भात आणि मिठागरांतले मीठ याच वाटेने मुंबईला जाई. नफा सावकाराच्या व खोताच्या घरी जाई हे खरेच. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांना १९३३ पासून सहा वर्षे संप करावा लागला, तो काही उगीच नव्हे. पण खाडीचे पाणी तरी कोणा एकाच्या मालकीचे नव्हते.

आज अंबेच्या खाडीत वाहतूक आहे आणि ती पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जांनी धरमतरच्या धक्क्याला लागतो. रस्त्यावरच्या मालमोटारींपेक्षा ही वाहतूक स्वस्त आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिचा भार कोणी सोसायचा याविषयी. बार्जांच्या लाटांनी खारबंदिस्तीचे बांध खचतात, अशी काठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. बांध फुटला की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ती जमीन पुढे काही हंगाम नापीक राहते. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यान्वये हे बांध राखणे हे शासनाचे काम ठरले. मग जलमार्गाचा लाभ घेणाऱ्या उद्योगावर बांधांच्या दुरुस्तीचा आकार का बसवू नये? सडकेवर पथकर चालतो, तर खाडीवर का नाही?

कुंडलिकेची कथा आणखी बोलकी आहे. तिच्यात उन्हाळ्यात वाहणारे पाणी मुख्यतः तिचे स्वतःचे नाही. ते घाटमाथ्यापलीकडच्या मुळशीचे आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ पासून ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच टाटांच्या धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरते. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, मावळातील गावे बुडाली. उरलेले पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांनी रोहे व माणगावच्या शेतीला दिले गेले आणि कोकणात दुर्मीळ असलेले उन्हाळी भात तेथे पिकू लागले. एकाचे विस्थापन हे दुसऱ्याचे सिंचन ठरले, ही गोष्ट रोह्याच्या शेतकऱ्यानेही विसरू नये. त्याच पाण्यावर धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि कोलाडला शहरातील हौशी मंडळी सकाळी रबरी नावांतून जलक्रीडा करतात. वीजघर पाणी कधी सोडणार, यावर तो खेळ अवलंबून असतो; कालव्याखालच्या शेतकऱ्याची अवस्था त्याहून वेगळी नाही.

पेणमध्ये तर कालव्यासाठीच लढा द्यावा लागला. भोगावतीवरील हेटवणे धरण खारेपाटाला गोडे पाणी देण्याच्या वचनावर बांधले गेले. पुढे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी मागण्यात आल्या, तेव्हा या लाभक्षेत्रातील २२ गावांनी ‘आमची जमीन ओलिताची आहे’ हाच मुद्दा धरला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी चालविलेल्या या आंदोलनामुळे २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाला तेथे जनमत घ्यावे लागले. प्रकल्प अखेर बारगळला, जमीन वाचली. परंतु ज्या पाण्याच्या आधारावर ती वाचली, त्याचे कालवे वर्षानुवर्षे रेंगाळले. भूसंपादन, निधी, वनखाते, अशी कारणे अशा वेळी शासनाजवळ नेहमीच तयार असतात. त्याच हेटवण्यापासून नवी मुंबईपर्यंतची जलवाहिनी मात्र डोंगर, खाड्या व गावे ओलांडून केव्हाच पोचली.