विश्लेषण : रबरी हातावरचा सराव रुग्णाच्या खाटेपाशी पुरतो का?

नर्सिंगची विद्यार्थिनी सलाईन लावायला शिकते ती आधी स्किल लॅबमधल्या रबरी हातावर. टॉर्निकेट बांधायचे, शीर चाचपायची, कातडी ताणून धरायची, सुई १० ते ३० अंशांत तिरकी घालायची. मागे रक्त दिसले की सुई तिथेच थांबवून प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवायची. चुकले तर पुन्हा. रबरी हाताची तक्रार नसते. वॉर्डात मात्र म्हाताऱ्या माणसाची शीर सुईखालून निसटते, जुलाबाने सुकलेल्या रुग्णाची सापडतच नाही आणि लहान मूल हात हिसकावून घेते. त्यात नातेवाईक डोळे रोखून उभे.

नियम काय सांगतो?

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला. चार वर्षांची आठ सत्रे झाली, सिम्युलेशनलाही जागा मिळाली. एका क्रेडिटसाठी वर्गात २० तास, लॅबमध्ये ४० तास, तर रुग्णालयात ८० तास मोजले जातात. खाटेपाशी शिकायला वेळ लागतो, हे त्या हिशेबातच मान्य केलेले आहे.

मग अडते कुठे?

तास भरले म्हणजे हात बसला असे नाही. एका खाटेभोवती सात-आठ जणी उभ्या असतील, तर सुई एकीच्याच हाती येते, बाकीच्या पाहतात. दिवसभर बीपी आणि ताप मोजून चार्ट भरणे, हेही काम आहेच, पण त्याने शीर सापडत नाही. वॉर्डातल्या सिस्टरकडे आधीच रुग्णांची रांग. तिने शिकवायचे कधी? शिकवणे हे कॉलेजच्या शिक्षिकेचे काम आणि तिची जागा त्या वेळी वॉर्डातच हवी. लॉगबुकात ‘पाहिले’, ‘मदत केली’ आणि ‘स्वतः केले’ यांत फरक असतो. शेजारी उभे राहून ज्याने पाहिले, सही त्यानेच करावी. महागडे मॅनिकिन घेण्याआधी कॉलेजांनी एवढे पाळले तरी बराच फरक पडेल.

रुग्णाचे काय?

‘ही शिकाऊ आहे, मी शेजारी आहे, चालेल का?’ एवढे विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णालाही नाही म्हणण्याचा हक्क आहे. दोनदा टोचून शीर मिळाली नाही, तर तिसऱ्यांदा सुई अनुभवी सिस्टरने घ्यावी आणि विद्यार्थिनीने ती कशी शोधते ते जवळून पाहावे.