आईला अडाणी ठरवण्याआधी

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडीच्या वस्त्यांतली कोवळी लेकरे दगावली. लगेच ठरलेला निकाल लागला, झोपडपट्टीतल्या आया अडाणी आहेत, त्यांना लसीचे महत्त्व कळत नाही. आम्हाला हा निकाल मान्य नाही. आरोपीची बाजू न ऐकता दिलेला निकाल कोणत्याही न्यायालयात टिकत नसतो.

काय आहे आईची बाजू? दीड महिन्याच्या बाळाला पेंटाची सुई टोचली की रात्री अंग तापते, मांडी सुजते, बाळ किरकिर करते. बहुधा एक-दोन दिवसांत हा त्रास उतरतो. पण हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. ती रात्रभर बाळ मांडीवर घेऊन बसते आणि सकाळी सासू म्हणते, "हसतंखेळतं लेकरू सुई टोचून आजारी पाडलंस!" मग अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस राहतात. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस तर दूरच.

लस देणाऱ्याने आईला चार गोष्टी सांगायच्या, असे सरकारी कार्यक्रमातच ठरलेले आहे. कोणती लस दिली व ती कोणत्या रोगावर, पुढे कधी यायचे, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. यास दोन मिनिटे लागतात. आमच्या बायाबापड्यांच्या वाट्याला मात्र "पुढच्या महिन्यात या" एवढेच येते. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली. पण अशी बातमी वस्तीत पसरल्यावर आईने शंका घेतली, तर तिला अडाणी म्हणायचे कोणत्या तोंडाने?

आणि रोजीचे काय? केंद्रावर रांग लावायची म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खाडा. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू मांडताना बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा भार समाजाने व सरकारने उचलावा, ही भूमिका घेतली होती. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य, असे संविधानाचे कलम 47 सांगते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या दर चार मुलांमागे साधारण एकाचे लसीकरण अपुरे आढळले.

आता थोडे आपल्या घरातले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, पण लेकराला गोवर निघाला की उशाशी कडुलिंबाचा पाला येतोच. एका रोगाला तर आपण 'देवी'च म्हणत होतो. त्या देवीला लसीनेच हद्दपार केले आणि 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. हे विहारात कितीदा सांगितले जाते?

महिला मंडळांना आमची विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या दोन वर्षांखालील प्रत्येक बाळाचे कार्ड पाहा. ज्या आईचा डोस चुकला असेल तिला रागवू नका, सोबत जा. राहिलेला डोस पुढे देता येतो, हेही तिला ठाऊक नसते. केंद्रावर सिस्टरला त्या चार गोष्टी विचारा. उत्तर मिळाले नाही तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.