दिवा नक्की कुणासाठी?

परळला तुमच्यापैकी कित्येकजणी येऊन गेल्या असतील. हौसेनं नव्हे, टाटा रुग्णालयात नाहीतर केईएममध्ये घरातल्या कुणाला तरी दाखवायला. औषधाची चिठ्ठी हातात धरून संध्याकाळी रस्ता ओलांडताना आपलं लक्ष टॅक्सीकडे असतं, बेस्टच्या बसकडे असतं. आणि नेमकी उलट्या दिशेनं, जराही आवाज न करता, एखादी ई-बाईक पदराला घासून निघून जाते. ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत ती पुढच्या सिग्नललाही पोचलेली असते!

लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागात हे आता रोजचंच झालंय. गिरगावात तर वाडीच्या तोंडाशी पाऊल टाकलं की रस्ताच. दादरच्या फूलबाजारात बायका उजाडायच्या आत येतात, हातात गाठोडी, डोक्यावर पाटी. आजवर निम्मं काम आपले कान करायचे. मागून स्कूटरचा आवाज आला की न बघताच पोराचा दंड धरून त्याला आत ओढायचं, हे आयांच्या अंगात मुरलेलं आहे. बॅटरीवरच्या गाडीपुढे ते कौशल्य फुकट. आता राहिले फक्त डोळे. पण डोळ्यांना दिसायला समोरच्या गाडीवर दिवा तर हवा ना!

कायदा काय म्हणतो बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं ती तपासलेली असेल, तर अशी दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणजे लायसन्स नको, नंबर प्लेट नको, विमा नको. या गाडीला ब्रेक हवेत आणि पुढे एक पांढरा, मागे एक लाल रिफ्लेक्टर हवा, असं नियम सांगतो. दिव्याचं नाव त्या अटीत नाही!

आता रिफ्लेक्टर म्हणजे काय? दुसऱ्याचा उजेड पडला की तो परत फेकणारा तुकडा. मागून मोटार आली, तिच्या दिव्यात तो चमकला, मोटारवाल्यानं गाडी बाजूला घेतली. छान. पण रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या कपाळावर काही हेडलाईट नसतो! तिच्यासाठी तो रिफ्लेक्टर काळोखातला काळोखच. थोडक्यात, हा नियम ई-बाईकवाल्याला मोटारीपासून सांभाळतो, पायी चालणाऱ्याला ई-बाईकपासून नाही. मला खटकतं ते हेच. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या मोटारसायकली आणि स्कूटरचा पुढचा दिवा भर दुपारीही आपोआप चालूच राहतो, म्हणजे दुरून दिसावं म्हणून. मग आवाजही न करणाऱ्या गाडीला त्यातून सूट कशाला?

‘मुंबईत रस्त्यावर एवढा झगमगाट, दिवा कशाला?’ असं सायकलवालेही विचारतात. पाववाले, दूधवाले, पेपर टाकणारे, सगळे उजाडायच्या आधी निघतात आणि बहुतेक सायकलींना दिवा नसतोच. आपल्याला रस्ता दिसतोय एवढ्यावर त्यांचं समाधान. अहो, पण तुम्ही दुसऱ्याला दिसता का? समोरून बसचे झगझगीत दिवे डोळ्यांवर आले की त्यांच्या अलीकडची काळी सायकल गडपच होते. आमच्या लहानपणी चाकाला टेकवायचा डायनॅमो असायचा. घरघर करायचा, सायकल जड व्हायची आणि सिग्नलला थांबलं की दिवा गुल! तरी तो असायचा, कारण बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस अडवायचे. आज दोन-तीनशे रुपयांत लुकलुकणारा लाल दिवा मिळतो, तर तो कुणी लावत नाही.

2024 साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी ई-बाईकवाल्यांवर खास मोहीम काढली होती. राँग साइडनं येणं, सिग्नल तोडणं, यावर कारवाई झाली. व्हायलाच हवी. नंबर प्लेट नाही म्हणून कायदा नाही, असं थोडंच आहे? भारतीय न्याय संहितेचं 281 कलम रस्त्यावर बेदरकारपणे हाकलेल्या कुठल्याही वाहनाला लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्या पोरांना नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही. कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात हवी, ही मागणी कुणाची? आमच्याच सोसायटीत ‘किती उशीर रे!’ म्हणून वाटेतल्या पोराला दोनदा फोन करणाऱ्या बायका मी पाहते, आणि त्याच खाली उतरल्यावर ई-बाईकवाल्यांच्या नावानं बोटं मोडतात.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं गाऱ्हाणं आम्हाला काय ऐकवता! पण ही गाडी तुमच्या गावच्या शोरूममध्येही उभी आहे. क्लासला जाणाऱ्या मुलीसाठी घ्या, लायसन्सची कटकट नाही, असं दुकानदार सांगतो. आणि मग हळूच, ‘थोडा स्पीड वाढवून देतो, ताई.’ तिथं थांबा. वेग 25 च्या वर गेला की सूट संपली. कायद्याच्या लेखी ती मोटार वाहन झाली. तिला नोंदणी हवी, हिरवी नंबर प्लेट हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला लायसन्स आणि हेल्मेट हवं. मुलगी अल्पवयीन असेल तर 2019 च्या दुरुस्तीनुसार 199-अ कलमाखाली पालकांना 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा नसताना कुणाला धडक बसली, तर भरपाई घरातूनच द्यावी लागणार.

तेव्हा गाडी बघायला शक्यतो अंधार पडल्यावर जा. चाचणी झाल्याचा कागद मागा. मग घरच्या कुणाला तरी ती चालवत तुमच्याकडे आणायला सांगा, आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहा, हातात टॉर्च न घेता. किती अंतरावर ती दिसली ते बघा. पुढचा दिवा रस्ता उजळतोय की नुसता मिणमिणतोय? मागचा लाल दिवा पोटरीमागे नाहीतर दप्तराखाली झाकला जातोय का? नसेल दिसत, तर तिथंच, पैसे द्यायच्या आधी, दिवा बसवून घ्या.